नऊ दिवस हरणांचे, आणि एप्रिलमधली टर्की

आमच्या इकडे थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी घरातला हीटर बंद पडला तर फोन करायच्या फंदात पडू नका, सरळ दोन गोधड्या काढा आणि झोपा. हीटरवाला जंगलात, प्लंबर जंगलात, आमच्या हॉस्पिटलमधला अर्धा स्टाफ रजेवर, आणि बँकेत काउंटरला असतात त्या हसतमुख बाईसुद्धा कुठल्यातरी झाडाला टेकवलेल्या शिडीवर थर्मास घेऊन बसलेल्या. अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारायचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा असतो, त्या शनिवारी सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. गावात बारच्या बाहेर ‘वेलकम हंटर्स’चे बॅनर लागतात, चर्चमध्ये शिकाऱ्यांसाठी जेवण, दुकानात नवरे जंगलात गेलेल्या बायकांसाठी खास सेल (त्याला इकडे ‘डीअर विडो’ म्हणजे ‘हरणांपायी विधवा’ वीकेंड म्हणतात, मी पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा अक्षरशः मनात तीन वेळा राम राम म्हटलं). आणि जिकडे बघाल तिकडे डोळ्यात घुसणारा नारिंगी रंग. नारिंगी किंवा २०१६ पासून भडक गुलाबी, कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे त्याच रंगाचे पाहिजेत असा नियमच आहे. हरणाला लाल-नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, त्याच्या लेखी तो मातकटच, पण दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र तुम्ही लांबूनच दिसता, मुद्दा तोच. गुलाबी रंग बायकांना ओढायला आणला होता म्हणे, आमच्या इथल्या बायकांनी त्याला हिंग लावून विचारलं नाही, सगळ्या नारिंगीच घालतात.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. शिकार म्हटलं की माझ्या डोक्यात दोनच चित्रं होती, एक म्हणजे जुन्या वाड्यातल्या भिंतीवरचं शिंगांचं मुंडकं आणि त्याखाली साहेबी टोपी घातलेल्या कोणा संस्थानिकाचा फोटो, आणि दुसरं म्हणजे काळवीट आणि वर्षानुवर्षं चाललेली कोर्टकचेरी. त्यामुळे नोकरीसाठी इकडे व्हर्नन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) आलो तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्यांच्या शेडमध्ये टांगलेलं हरीण बघून मी नवऱ्याला म्हटलं की आपण कुठे येऊन पडलोय. आता इतकी वर्षं झाल्यावर मला वाटतं की इथल्या शिकारीत बंदूक हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. खरी गंमत आहे ती नियमांत, हिशोबात आणि शेतात. ते सांगायलाच हे लिहितेय, कारण पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी मला अजूनही ‘तुमच्या तिकडचे ते बंदूकवाले लोक’ एवढंच विचारतात.

आधी भूगोल. आमचा भाग म्हणजे ड्रिफ्टलेस एरिया, हिमयुगातल्या बर्फाच्या लाद्या इथपर्यंत पोचल्याच नाहीत म्हणून आजूबाजूचा मिडवेस्ट पोळपाटासारखा सपाट असताना आमच्याकडे नुसत्या टेकड्या आणि दऱ्या. टेकडीच्या माथ्यावर आणि दरीच्या तळाला मका, सोयाबीन, अल्फाल्फा (आपला लसूणघास), आणि मधल्या उतारावर ओकची झाडी. हरणाला अजून काय पाहिजे सांगा, खायला खाली, लपायला वर, आणि ऑक्टोबरमध्ये ओकची फळं बोनस. दक्षिण भागात लांडगे जवळपास नाहीतच, थंडीही उत्तरेपेक्षा कमी, मादीला बहुतेक वेळा जुळी पाडसं होतात. मग काय, संध्याकाळी गाडी चालवताना उजवीकडे-डावीकडे बघतच जावं लागतं आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की थांबायचं, कारण मागून दुसरं येतंच येतं. आमच्या इमर्जन्सी डिपार्टमेंटला नोव्हेंबरात हरणाला गाडी धडकून आलेले पेशंट ही काही बातमी नसते.

पण हे कायम असं नव्हतं. १९०० च्या आसपास अख्ख्या अमेरिकेत ही पांढऱ्या शेपटीची हरणं पाचेक लाखांवर आली होती असा अंदाज सांगतात, आज तीन कोटींच्या घरात आहेत. तेव्हा बाजारासाठी शिकार चालायची, हरणं मारायची, रेल्वेत भरायची आणि शहरात मटण विकायचं. १९०० साली लेसी ॲक्ट आला आणि बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं हा केंद्रीय गुन्हा झाला. आजही रानातल्या हरणाचं मटण विकता येत नाही. हॉटेलात जे व्हेनिसन मिळतं ते फार्ममधलं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. शेजाऱ्याने तुम्हाला फुकट दिलं तर चालतं, दहा डॉलर घेतले तर नाही. मला वाटतं सगळ्या नियमांमधला हा एक नियम सगळ्यात शहाणपणाचा, पैसा मध्ये आला की काय होतं ते त्यांनी एकदा बघून झालंय.

नियम तरी किती म्हणाल. धनुष्यबाणाचा सीझन सप्टेंबरमध्ये सुरू होतो तो जानेवारीपर्यंत, मधे बंदुकीचे नऊ दिवस, ते संपले की लगेच ठासणीच्या बंदुकीचे दहा दिवस. हो, ठासणीची बंदूक, आजोबांच्या गोष्टीतली, नळीतून दारू आणि गोळी ठासायची ती, तिचा इकडे वेगळा सीझन असतो आणि लोक हौसेने त्यात जातात. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा सुरक्षेचा कोर्स पास केल्याशिवाय लायसन्स नाही, किंवा मग अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर बसवून जायचं. त्या दुसऱ्या प्रकारात २०१७ पासून वयाची अटच काढून टाकलीय, ते मला अजिबात पटलेलं नाही, पाच वर्षांच्या पोराला कसलं लायसन्स देता. हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची. दुसऱ्याच्या जमिनीवर विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आणि राजकारण! आपल्याकडे ऊसदरावरून होतं ना तसं इकडे मादी मारायची की नाही यावरून होतं. हरणं कमी करायची तर माद्या मारल्या पाहिजेत हे गणित शाळकरी पोरालाही कळतं, पण शिकाऱ्याला हवा असतो शिंगांचा नर, आणि मादी मारली तर पुढच्या वर्षी हरणं कुठून येणार ही धास्ती. १९४३ साली राज्याने माद्या मारायला परवानगी दिली तर त्या सीझनला लोकांनी ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असं नाव ठेवलं. त्या धोरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांत आल्डो लिओपोल्ड होते, वन्यजीव व्यवस्थापन हा विषयच अमेरिकेत ज्यांनी रुजवला ते, मॅडिसनच्या विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनाही लोकांनी सोडलं नाही. मग १९९६ मध्ये काही भागांत नवीन नियम आला की आधी एक मादी मारून दाखवा, मगच नर मारायचा हक्क. शेजारच्या आजोबांच्या समोर अजूनही त्या नियमाचं नाव काढायची सोय नाही. २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा करून तो बंदच करून टाकला. आजोबा स्वतः मात्र दरवर्षी दोन माद्या मारतात, कारण मका त्यांचा आहे. ‘शिंगं शिजवून खाता येत नाहीत’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्याच शेडमध्ये मी हे सगळं जवळून बघितलं. आतडी रानातच काढून टाकलेली असतात, हरीण मागच्या पायांवर तुळईला टांगतात, बाहेर थंडी शून्याच्या आसपास असेल तर तीन-चार दिवस तसंच ठेवतात, मटण नरम पडतं. मग कातडं सोलायचं. सुरीचं काम फार कमी, पायाशी एक गोल चीर दिली की बाकी मुठीने दाबत खाली ओढत न्यायचं, आणि ते सुटताना चिकटपट्टी उपटल्यासारखा आवाज येतो. आत सगळं आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही, लालजांभळं मटण आणि वर मेणासारखी पांढरी चरबी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी हातभर लांबीची एकेक पट्टी निघते, तिला बॅकस्ट्रॅप म्हणतात, ती घरच्यांसाठी, तिच्यावरून भावाभावांत भांडणं होतात. बाकीचं सॉसेज आणि खिमा. मी पेशाने नर्स त्यामुळे मला किळस वगैरे आली नाही, उलट प्रत्येक स्नायू कसा आपापल्या पडद्यात गुंडाळलेला असतो ते बघत बसले. नवरा दारातूनच परत गेला, तो नाशिकचा शाकाहारी, त्याला सगळं माफ.

एक गोष्ट मात्र आजोबा वेगळी ठेवतात, मुंडकं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. कारण सीडब्ल्यूडी, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हा हरणांच्या मेंदूचा रोग, बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, गायींच्या मॅड काऊ रोगाच्या जातकुळीतला, औषध नाही, लस नाही, झालं की हरीण मरणारच. विस्कॉन्सिनमध्ये तो पहिल्यांदा २००२ मध्ये सापडला, माउंट होरेब गावाजवळ, आमच्यापासून फार लांब नाही. सरकारने आधी ठरवलं की त्या पट्ट्यातली हरणंच संपवून टाकू, लोक खवळले, हरणं काही संपली नाहीत, आणि रोग पसरत गेला. आता जागोजागी पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात मुंडकं टाकायचं, फॉर्म भरायचा, जबड्यामागच्या गाठींची तपासणी फुकट होते आणि रिपोर्ट ऑनलाइन येतो. माणसाला या रोगाची लागण झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण पॉझिटिव्ह हरीण खाऊ नका असा सीडीसीचा, म्हणजे इथल्या केंद्रीय आरोग्य संस्थेचा, सल्ला आहे. माझा नियम सोपा आहे, रिपोर्ट आल्याशिवाय शेजाऱ्यांनी दिलेलं मटण फ्रीझरच्या बाहेर येत नाही, मग देणारा कितीही प्रेमाने देऊ दे. काही जण ‘आम्ही वर्षानुवर्षं खातोय’ म्हणून तपासतच नाहीत, त्यांच्याशी मी वाद घालते आणि दरवर्षी हरते.

आता टर्की. ही माझी खरी आवडती गोष्ट, कारण ती आमच्याच काउंटीत घडली. विस्कॉन्सिनमधली रानटर्की १८८१ पर्यंत संपली होती, जंगलं तोडली, वाट्टेल तेवढी मारली, खेळ खलास. मधे फार्ममध्ये वाढवलेले पक्षी रानात सोडून बघितले पण त्यांना कोल्ह्यापासून पळायचंच माहीत नाही, ते कुठले टिकतात. शेवटी मिसूरी राज्याशी सौदा झाला, मिसूरीला ग्राउस नावाचे रानपक्षी हवे होते, ते विस्कॉन्सिनने दिले आणि बदल्यात पकडलेल्या खऱ्या रानटर्की घेतल्या. १९७६ मध्ये २९ टर्की व्हर्नन काउंटीत सोडल्या. १९८३ मध्ये पहिला शिकारीचा सीझन झालासुद्धा, आणि आज राज्यभर टर्की आहेत, आमच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून त्याच्याशी भांडत असतात.

याला पैसा कुठून येतो ते बघा. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा, त्याप्रमाणे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो, वर लायसन्सचे पैसे वेगळे. म्हणजे जो मारणार त्याच्याच खिशातून वाढवायचा खर्च. मला यात शिकाऱ्यांचं कौतुक करायचं नाही, मतलब त्यांचाही आहेच, पण मतलबाला कामाला लावलंय हे मान्य करावं लागतं.

वसंतात, एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून पुढे एकेक आठवड्याचे सहा हप्ते असतात, आणि मारायचा तो बहुतेक नरच. एका वर्षी मी नुसतीच बघायला आजोबांच्या मुलीबरोबर गेले. पहाटे अंधारात ओकच्या जाड बुंध्याला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कोणी तुमच्यावर बार टाकू नये. टर्कीला वास फारसा कळत नाही पण नजर अशी की पापणी हलली तरी गेली, आणि रंग नीट दिसतात, त्यामुळे इथे नारिंगी चालत नाही, डोक्यापासून पायापर्यंत पानापानांचे कपडे, तोंडावरसुद्धा जाळी. लाल, पांढरा, निळा हे रंग तर मोज्याचेही नकोत कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, कोणी चुकून तुमच्या मोज्यालाच टर्की समजायचा. उजाडायला लागलं तसं समोरच्या टेकडीवर झाडावर बसलेला नर ओरडला, गडगडाट म्हणावा तसा. तिने मांडीवरच्या पाटीच्या तुकड्यावर लाकडी काडी घासली आणि हुबेहूब मादीचा आवाज काढला. तो उत्तर देतो, ही गप्प. तो अजून ओरडतो, ही नुसती एक काडी घासते. निसर्गाच्या नियमात मादी नराकडे जाते, इथे आपण नराला म्हणतोय तू ये, म्हणून तो यायला तयारच नसतो, पन्नास यार्डांवर उभा राहून पिसारा फुलवून वाट बघतो की बाईसाहेब का येईनात. आमचा तर दोन तास टेकडीवर फेऱ्या मारून एका खऱ्या मादीच्या मागे निघून गेला. पुढे प्लास्टिकची मादी मांडून ठेवली होती, आमचा मारीच, तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

सुरक्षेच्या कोर्समध्ये पहिला धडा काय, तर आवाजावर कधीही गोळी झाडायची नाही, सावज स्पष्ट दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही दिसलं पाहिजे. मी वर्गात बसल्या बसल्या म्हटलं, दशरथाला हेच कोणी शिकवलं असतं तर श्रावणबाळ वाचला असता आणि रामायण वेगळंच झालं असतं. टर्कीच्या शिकारीत हा धोका खराखुरा आहे, कारण झुडपामागून येणारा मादीचा आवाज हा पुष्कळदा काडी घासणाऱ्या दुसऱ्या माणसाचाच असतो.

कोर्स मी का केला असं नवरा विचारतो. मला मारायचं नाहीये, निदान अजून तरी, पण ज्या गावात राहायचं तिथली भाषा कळलेली बरी. व्हिसावर असलेल्यांसाठी एक सांगते, कारण हा प्रश्न मला मेसेजमध्ये नेहमी येतो: एच-वन-बीसारख्या व्हिसावर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक जवळ बाळगता येत नाही, राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट आहे. पण हा ग्रीन कार्डाचा मामला आहे बाबांनो, ब्लॉग वाचून काही करू नका, आधी वकिलाला विचारा.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर आधी म्हणाली, ‘अगं पण हरणाला मारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं बाई.’ आणि मग थोडं थांबून, ‘रोह्यांचं काय करतात तिकडे?’ कारण आमच्या यवतमाळकडच्या शेतात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं रात्रीतून हरभरा झोपवून जातात, काका मळ्यात माळ्यावर बसून टिनाचे डबे बडवतात, झटका मशीन लावलंय, नुकसान झालं की अर्ज, पंचनामा आणि मग भरपाईची वाट बघायची. इकडच्या आजोबांचा मका खाल्ला तर त्यांना नोव्हेंबरमध्ये काहीतरी करता येतं, काकांना डबा बडवण्यापलीकडे फार काही करता येत नाही. तरी मी असं म्हणणार नाही की आपल्याकडेही सीझन सुरू करा. आपल्या रानात वाघ आहे, बिबट्या आहे, त्यांचं ताट वेगळं काढून ठेवावं लागतं, आणि एवढ्या दाट वस्तीत, जिथे जंगलात कोणी ना कोणी सरपण नाहीतर मोहफुलं वेचत असतंच, तिथे बंदुकीची गोळी कुणाला लागेल सांगता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी काय चाललं होतं ते माझ्या स्वतःच्या आजोबांच्याच तोंडून ऐकलंय. पण काकांचा राग मला आता इकडे बसून जास्त कळतो.

इकडचंही सगळं गोड नाही. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे आतड्यांबरोबर रानात पडतात, गरुड ते खातात आणि विषबाधा होऊन मरतात, तांब्याच्या गोळ्या मिळतात पण महाग म्हणून लोक घेत नाहीत. काही जण झाडाझाडाला कॅमेरे लावून मोबाईलवर नर कुठे आहे ते ऑफिसात बसून बघतात, ती कसली शिकार. आणि जखमी होऊन निसटलेल्या हरणाचा रक्ताचा माग काढत रात्रभर फिरणारे जसे आहेत तसे अंधार पडला म्हणून घरी जाणारेही आहेत. गावात कोण कुठल्या प्रकारातला हे सगळ्यांना माहीत असतं.

बरं, आता स्वयंपाकाचं, कारण शेवटी ते विचारणारच. हरणाच्या मटणावरची पांढरी चरबी आणि चंदेरी पडदा सगळा काढून टाका, ती चरबी टाळूला मेणासारखी चिकटते आणि ‘रानटी वास’ जो म्हणतात तो बराचसा त्यातूनच येतो. मटणात स्वतःची चरबी नसतेच, त्यामुळे तेल आपल्या सावजीला लागतं तसं सढळ घाला. खिमा असेल तर उत्तम, काळा मसाला, खसखस, सुकं खोबरं भाजून वाटून, कोणाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही. टर्कीची छाती सगळे खातात आणि पाय फेकून देतात कारण त्यात काड्यांसारख्या कडक शिरा असतात. ते पाय मी मागून घेते. प्रेशर कुकर इकडे फार कोणाकडे नसतो हे आपलं नशीब. सात-आठ शिट्ट्या, गार झालं की शिरा हाताने ओढून काढायच्या, आणि मग त्याच पाण्यात रस्सा. शेजारच्या आजोबांनी दोन वाट्या प्यायल्या, घाम पुसला, आणि पुढच्या सीझनचे पायसुद्धा आणून देतो म्हणाले.